नुसते जनुक घालून भागणार नाही



उन्हाळी भाताची रोपे डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात शेंड्याकडून पिवळी पडतात, त्यावर ‘काटक झाडाचे जनुक घाला’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा उपाय फारच सोपा आहे. थंडीला तोंड देणारी जनुके भातात मुळातच आहेत. ती कधी आणि किती चालू होतात, हा खरा प्रश्न. मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिसमध्ये गारठा लागल्यावर १५ मिनिटांत सीबीएफ जनुके जागी होतात आणि पेशीपटल सांभाळणारी इतर अनेक जनुके कामाला लावतात. पण तीच कायम चालू ठेवली, तर रोप खुजे राहते. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी ताण पडल्यावरच जनुक चालू करणारा प्रवर्तक (डीएनएमधली कळ) वापरला, तेव्हा कुठे हा तोटा बराच टळला.

जपोनिका भात थंडीत टिकतो, मग आपला इंडिका का नाही, असे कोणी विचारील. २०१५ मध्ये उजेडात आलेल्या कोल्ड१ या थंडी सोसण्याशी संबंधित जनुकात दोघांमधला महत्त्वाचा फरक जेमतेम डीएनएच्या एका अक्षराचा आहे. तो संकराने आणता येईल. पण चव, उतारा आणि कालावधी राखून. कर्जतच्या भात संशोधन केंद्राकडून मागायचे ते हे. तोवर रोपवाटिकेत संध्याकाळी पाणी भरून सकाळी गार पाणी काढावे.

– एक वाचक, कडाव (ता. कर्जत)