आयर्लंडांतील कुलूपबंद परिषद

आयर्लंडच्या फाळणीची कहाणी आमच्या वाचकांस नवी नाहीं. १९२१ सालीं त्या बेटाचे दोन तुकडे झाले. सहा परगणे ब्रिटिश राज्यांत राहिले, उरलेले सव्वीस स्वतंत्र झाले. ही फाळणी न्याय्य होती असें आम्ही कधींच म्हणणार नाहीं. परंतु नकाशावरील रेघ पुसली जाईपर्यंत दोन्ही सरकारांनीं एकमेकांचें तोंडहि पाहूं नये, असें जे स्वाभिमानाच्या नांवाखालीं सांगतात, त्यांस आम्ही एवढेंच विचारतों कीं, फॉईल नदीच्या माशांनीं कोणाची प्रजा व्हावें?

हा प्रश्न थट्टेचा नव्हे. बेलफास्ट व डब्लिन यांच्यांत विस्तव जात नव्हता अशा काळीं, १९५२ सालीं, दोन्ही कायदेमंडळांनीं जुळते कायदे करून त्या नदीसाठीं एकच मत्स्यमंडळ नेमलें. त्यायोगें कोणाचेंहि निशाण खालीं उतरलें नाहीं.

१९९८ च्या करारानें उत्तर-दक्षिण मंत्रिपरिषद निर्माण केली. जलमार्ग, अन्नसुरक्षा, व्यापार, भाषा इत्यादि कामांसाठीं सहा संयुक्त संस्थाहि निघाल्या. पण परिषद व उत्तरेचें कायदेमंडळ हीं परस्परावलंबी ठरविलीं गेलीं. एक बंद तर दुसरेंहि बंद. परिषद झुगारून कायदेमंडळाचें सुख कोणीं भोगूं नये, हा त्यांतील हेतु आम्हांस कळतो. घडलें मात्र भलतेंच. २००२ ते २००७, २०१७ ते २०२०, पुनः २०२२ ते २०२४: बेलफास्टच्या पक्षांचें बिनसलें कीं परिषदेस कुलूप! संयुक्त संस्थांचें नित्याचें काम चालूं राहिलें. नवे निर्णय कोणीं घ्यावयाचे?

यांत भरडला जातो तो रोगी. डोनेगल परगण्यांतील कर्करोग्यास किरणोपचारांसाठीं पूर्वीं गॉलवे किंवा डब्लिन गांठावें लागे, म्हणजे लेटरकेनीहून २०० किलोमीटरांवर प्रवास. २०१६ च्या अखेरीस सीमेपलीकडील डेरीच्या रुग्णालयांत, सुमारें ३५ किलोमीटरांवर, केंद्र उघडलें; डब्लिननेंहि खर्चाचा वांटा उचलला. तें उघडतें न उघडतें तोंच जानेवारी २०१७ मध्यें बेलफास्टचें मंत्रिमंडळ कोसळलें. केंद्र आधींच ठरलें होतें म्हणून वांचलें. तीन वर्षें उशीर झाला असता, तर?

परिषद २०२४ पासून पुनः भरूं लागली आहे. तोंवरच करार दुरुस्त व्हावा. आरोग्य, पाणी व वीज यांपुरते तरी अधिकार, कायदेमंडळ बंद असतांहि, दोन्हीकडील खात्यांच्या सचिवांस मर्यादा घालून द्यावेत. मंत्र्यांवांचून अधिकारी बेजबाबदार होतील ही शंका रास्त आहे. तथापि २०१८ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा करून उत्तरेच्या अधिकाऱ्यांस अशी मुभा दिलीच होती. जें घरच्या कारभारास चाललें, तें शेजाऱ्याशीं मिळून करावयाच्या कामास कां चालूं नये?