नाव आहे, नावाडी कोठें?

दूधगंगेला पूर आला म्हणजे कागलकरांचें लक्ष प्रथम पुणें-बंगळूर रस्त्याकडे जातें. माल अडकेल कीं काय, ही व्यापाऱ्यांची चिंता रास्त आहे. परंतु पाण्यानें वेढलेल्या खेड्यांतील माणसें बाहेर कशीं काढावयाचीं, हा विचार पाणी दारांत आल्यावरच सुचतो. मग जो तो म्हणतो, नाव पाठवा. ती चालविणार कोण, हें कोणी विचारीत नाहीं.

८ ऑगस्ट २०१९ रोजीं पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें पूरग्रस्तांस घेऊन निघालेली नाव उलटली आणि स्त्रिया-मुलांसह अनेकांचे प्राण गेले. सुटकेसाठीं नावेंत बसलेलीं माणसें नावेमुळेंच बुडालीं, हें आठवलें कीं अंगावर कांटा येतो.

पुराचें पाणी म्हणजे रंकाळ्याचें पाणी नव्हे. तेथें नावेचें तोंड ओढीच्या वरच्या अंगास तिरपें धरून पैलतीर गांठावा लागतो. नाव ओढीला आडवी होऊन झाडावर वा पुलाच्या खांबावर दाबली गेली, कीं पालथी व्हावयास क्षण पुरतो. आमच्या भागांत बुडालेला ऊंस आणि कुंपणांच्या तारा पाण्याखालीं दबा धरून असतात. यंत्राचा पंखा त्यांत गुरफटला म्हणजे भिस्त वल्ह्यावर, आणि वल्हें मारण्याची संवय तर कोणासच नाहीं! शिवाय माणसें बसविणें हें वल्हविण्याइतकेंच कठीण. भेदरलेल्या लोकांस 'आतां पुरे, बाकीचे पुढच्या खेपेस' असें बजावणें, बसलेल्यांस उठूं न देणें, एका अंगास झुकूं न देणें, हें ज्याच्या शब्दानें घडतें तोच खरा नावाडी.

ही विद्या आपल्याकडे नव्हती असें नाहीं. गुळाच्या काहिलींत बसून नदी ओलांडणारे शेतकरी याच जिल्ह्यांतले. सांगलीस कृष्णेवर होड्यांच्या शर्यती लागतात, तेव्हां काठ माणसांनीं फुलतो. पण पूल झाले तसा नावाड्याचा धंदा बसला. आणि हें काम ठराविक जातींचें, ही समजूत असल्यानें इतरांनीं तें कधीं शिकलेंच नाहीं. कागलच्या घाटगे घराण्यांत जन्मलेल्या शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. त्यांच्याच गांवीं वल्हें मात्र जातीनें ठरावें काय?

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल येईल, असें कोणी म्हणेल. येईल, पण २०१९ सालीं महामार्गच कित्येक दिवस बंद होता. पहिले कांहीं तास गांवानेंच निभवावयाचे असतात.

म्हणून नगरपरिषदेनें व व्यापारी मंडळींनीं मिळून नदीकांठचे जाणते नावाडी पगार देऊन शिक्षक नेमावे. जयसिंगराव तलावांत उन्हाळ्यांत सर्व जातींच्या तरुणांस, मुलींसही, पोहणें व वल्हविणें शिकवावें आणि पुढें बेताच्या प्रवाहांत शिक्षकांच्या देखरेखीखालीं सराव घ्यावा. तरंगत्या जाकिटांवांचून कोणास नावेंत घेऊं नये. दरसालच्या नव्या नावेपेक्षां याला खर्च कमीच लागेल. पुढील अंदाजपत्रकांत नगरपरिषद यासाठीं किती रक्कम धरते, हें आम्ही पाहणार आहों.