गाव म्हणजे कोण?

वर्सोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसले, की खाडी ओलांडून मढला पोहोचावयास काही मिनिटे पुरतात. तेच अंतर रस्त्याने कापावयाचे तर मालाड-मार्व्याचा वळसा घालून सुमारे वीस किलोमीटरांची रपेट करावी लागते. हा वळसा वाचविण्यासाठी मढ व वर्सोवा यांना जोडणारा पूल बांधण्याचा प्रकल्प मुंबई महापालिकेने हाती घेतला आहे. पुलाला आमचा विरोध नाही. घरातील आजारी माणसाला अपरात्री रुग्णालयात हलविण्याची पाळी ज्यांच्यावर आली आहे, त्यांना पुलाची महती दुसऱ्या कोणी सांगावयास नको. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. पूल झाल्यावर मढचे भले झाले की नाही, हे कोण ठरविणार, आणि कोणाकडे पाहून ठरविणार?

अशा कामांचे यशापयश मोजण्याची आपली रीत ठरून गेलेली आहे. किती कोटी खर्च झाले, किती मिनिटे वाचली, किती वाहने धावली, हे आकडे अहवालात छापले जातात आणि प्रकल्प यशस्वी झाल्याचे जाहीर होते. हल्ली त्यात ‘लोकसहभागा’ची भर पडली आहे. लोकसहभाग म्हणजे काय, तर एक सभा भरते. पुढच्या रांगेत गावातील पाच-दहा वजनदार मंडळी बसतात. अधिकारी नकाशा दाखवितात, चहापान होते, वहीवर सह्या होतात आणि ‘गावाची संमती मिळाली’ अशी नोंद कागदावर चढते. त्या वहीत ज्यांची सही नाही, ते गावात राहत नाहीत काय? शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. परंतु गाव म्हणजे भात नव्हे. एकाच गावात एक घर सुखाने जेवत असते आणि त्याच्या पलीकडचे घर उपाशी झोपत असते.

मढचेच पाहा. शहरातल्या माणसाच्या मनात मढ म्हणजे किनारा, किल्ला आणि चित्रपटांचे चित्रीकरण. फार तर कोळीवाडा. परंतु कोळीवाडा ही एकजिनसी वस्तू नाही. तेथे यांत्रिक नौकेचा मालक आहे आणि त्या नौकेवर मजुरीने जाणारा, परजिल्ह्यातून वा परप्रांतातून आलेला खलाशी आहे. डोलजाळ्यात सापडलेला बोंबील बांबूच्या वलांडीवर वाळत घालणारी बाई आहे, आणि ओली मासळी पाटीत घेऊन पलीकडच्या बाजारात बसणारी बाई आहे. ज्याची नौका केव्हाच विकली गेली असा म्हातारा आहे, ज्याचे घर भाड्याचे आहे असा मजूर आहे, एकट्याने संसार ओढणारी विधवा आहे. ही सारी माणसे एकाच समुद्रावर जगतात. पण एकाच पुलाचा परिणाम त्यांच्यावर सारखा होणार नाही.

पुलामुळे जमिनीचे मोल वाढेल. ज्याच्या नावे जमीन आहे त्याला तो लाभ आहे. जो भाड्याने राहतो त्याला ती उठण्याची नोटीस आहे. मोकळ्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या वलांडी उभ्या आहेत, पण त्या जागेचा कागद बाईच्या हाती क्वचितच असतो. जागेला भाव येताच ती ‘मोकळी’ ठरते. पुलावरून मोटारी भरधाव जातील. पण फेरीबोट बंद पडली, तर पाटीवालीला माशांच्या पाण्याने निथळणारी पाटी घेऊन कोणत्या बसमध्ये चढू दिले जाईल? हे प्रश्न कोणत्याही आराखड्याच्या समासात सापडत नाहीत. वाचलेल्या मिनिटांची सरासरी काढली, की मोटारवाल्याची वीस मिनिटे आणि पाटीवालीचा बुडालेला बाजार एकाच आकड्यात विरघळून जातात.

विकासात लोकांना भागीदार करावे ही कल्पना नवी नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी या देशात सामुदायिक विकास कार्यक्रम मोठ्या उत्साहाने सुरू झाला. पाच वर्षांनी, १९५७ साली, बलवंतराय मेहता समितीने त्याची तपासणी केली, तेव्हा लोकांमधून आपणहून पुढाकार उभा राहिला नाही, असाच निष्कर्ष तिला काढावा लागला. योजना सरकारची आणि सहभाग लोकांचा, अशी ती वाटणी होती. त्या समितीच्या शिफारशींतून पंचायत राज्य आले आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. पुढे ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाने तर ग्रामसभा म्हणजे काय असू शकते याचा वस्तुपाठच घालून दिला. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वांच्या सहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर विषय पुन्हा चर्चेला येतो. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क त्या गावाने मिळविला, तो ह्या शिस्तीच्या बळावर.

पण मढला ग्रामसभा नाही. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत पसरली आणि उपनगरांतील अनेक गावे महानगराच्या पोटात गेली. गाव राहिले, गावाची सभा राहिली नाही. २००९ साली महाराष्ट्राने महापालिकांच्या कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद केली; पण आमच्या किती वाचकांनी आपल्या क्षेत्रसभेस हजेरी लावली आहे? एवढेच नव्हे, तर मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ मुंबईचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. गडचिरोलीच्या जंगलातील गोंडाला जे आसन आहे, ते देशाच्या आर्थिक राजधानीतील कोळणीला नाही, ही स्थिती मुंबईकरांना लाज आणणारी आहे.

विचारले नाही म्हणजे काय होते, हे वरळीने नुकतेच दाखवून दिले. किनारी रस्त्याच्या पुलाचे खांब समुद्रात कोठे आणि किती अंतरावर रोवावयाचे, हे कागदावर ठरले तेव्हा दोन खांबांमधील अंतर ६० मीटर धरले होते. भरतीच्या ओढीत आणि वाऱ्याच्या माऱ्यात एवढ्या फटीतून नौका सुखरूप निघणार नाही, हे वरळीचे मच्छीमार सांगत राहिले. अखेर त्यांना समुद्रात उतरून काम रोखावे लागले. दीर्घ संघर्षानंतर, २०२२ च्या डिसेंबरमध्ये, सरकारने हे अंतर १२० मीटर करण्याचे मान्य केले. समुद्राचे जे ज्ञान आरंभी फुकट मिळत होते, ते शेवटी विलंब आणि वाढीव खर्च यांच्या रूपाने विकत घ्यावे लागले. उपेक्षितांना सामावून घेणे हा दानधर्म नव्हे, तो शहाणपणाचा व्यवहार आहे, हे यावरून ध्यानात यावे.

परंतु वरळीचा धडा एवढ्यावरच संपत नाही. जो आवाज ऐकला गेला तो नौकेचा होता. ज्याच्या नावे परवाना, त्याचे नुकसान मोजता येते. ज्याच्या नावे काहीच नाही, त्याचे नुकसान मोजावयाचे कशावरून? वादळात नौका फुटली तर पंचनामा होतो. अवकाळी पावसात वलांडीवरचा बोंबील कुजला, तर तो आपला होता हे सिद्ध करण्यास बाईजवळ कागद कोठला? पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याने नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रियांना दिल्या. मुंबईत त्यासाठी मतदान व्हावयास २०२४ चा ऑगस्ट उजाडला. कायदा होऊन दहा वर्षे लोटल्यावर! यावरून बाजारात बसणाऱ्या बाईच्या वेळेचे मोल आपण काय करतो ते दिसते.

मोजणी नाही असेही नाही. २०१० च्या सागरी मत्स्यगणनेत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ४५६ मच्छीमार गावे आणि ८१,४९२ मच्छीमार कुटुंबे नोंदली गेली. अशा गणना हव्यातच. पण गणना म्हणजे एका दिवसाचे छायाचित्र. अमुक एक रस्ता, धक्का वा पूल झाल्यामुळे त्या कुटुंबांतील कोण वर आले आणि कोण खाली घसरले, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी कामापूर्वी मोजले पाहिजे, कामानंतर मोजले पाहिजे, आणि मुख्य म्हणजे ज्यांचे मोजावयाचे त्यांच्या हातून मोजले पाहिजे.

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांना आम्ही १९८५ सालच्या मुंबईकडे बोट दाखवू. पदपथांवरील झोपड्या हटविण्याचा प्रश्न तेव्हा सर्वोच्च न्यायालयात होता. पदपथवासी किती, ते कोठून आले, काय काम करतात, याची धड माहिती कोणापाशीच नव्हती. ‘स्पार्क’ ह्या संस्थेने पदपथवासीयांनाच बरोबर घेऊन सुमारे ६ हजार कुटुंबांची गणना केली. ज्यांना शहर गुन्हेगार आणि उपटसुंभ समजत होते, ती माणसे शहराची ओझी वाहणारी, भांडी घासणारी, बांधकामावर राबणारी कष्टकरी माणसे आहेत, हे त्या गणनेने आकड्यांनिशी दाखविले. पुढे ह्याच पदपथवासी स्त्रियांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली आणि घर व स्वच्छतागृहे यांचा विचार त्या स्वतः करू लागल्या. आपली मोजदाद आपण करणारा माणूस हळूहळू आपली बाजूही मांडू लागतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही हलका लेखीत नाही. मढचा मूळ रहिवासी म्हणेल, ‘उद्या खलाशी आणि भाडेकरू यांना गाव म्हणून मोजले, तर परवा ते आमच्या जागेवर हक्क सांगतील. आमचे कोळीवाडे तर अजून नकाशावर नीट उमटावयाचे आहेत.’ ही भीती खोटी नाही. कोळीवाडे नकाशावर निश्चित करावेत असे २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत म्हटले होते, आणि सीमांकनाच्या प्रश्नाने कोळी समाजाला त्यानंतरही वर्षानुवर्षे झुंजविले आहे. तथापि दोन हक्कांची गल्लत होता कामा नये. जमिनीचा हक्क एक आणि मोजणीत येण्याचा हक्क दुसरा. कोळीवाड्याची जमीन कोळ्यांचीच राहिली पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण जो खलाशी त्यांच्या नौकेवर जीव धोक्यात घालतो, त्याचे काम राहिले की गेले, एवढे लिहून ठेवल्याने कोणाची एक वीत जमीन जात नाही. उलट, जो समाज स्वतः उपेक्षेची फळे भोगीत आला आहे, त्यानेच आपल्या दाराशी दुसरा उपेक्षित निर्माण करावा, हे त्याला शोभणारे नाही.

मग करावे काय? आमचे म्हणणे साधे आहे. पुलाचा पहिला खांब रोवण्यापूर्वी मढची एक वही तयार व्हावी. तिच्यात पाटीवाल्या, मासळी सुकविणाऱ्या स्त्रिया, खलाशी, भाडेकरू, अपंग आणि निराधार वृद्ध यांच्या नोंदी नौकामालकांच्या नोंदींहून वेगळ्या असाव्यात. काय मोजावयाचे ते त्यांनाच विचारावे. आम्हांस वाटते, त्या सांगतील : बाजाराला जाण्यायेण्यास किती वेळ आणि किती पैसे लागतात, दिवसाअखेर हातात काय उरते, पावसाळ्यात मासेमारी बंद असते ते सुमारे दोन महिने कसे निभतात, सुकवण्याची जागा शिल्लक आहे काय, भाडे किती वाढले, आणि गावात राहता आले की गाव सोडावे लागले. ही वही काम सुरू होण्यापूर्वी, काम संपल्यावर एका वर्षाने, आणि पुन्हा तीन व पाच वर्षांनी भरली जावी. तिचे वाचन कार्यालयात नव्हे, तर धक्क्यावर, मराठीत आणि खलाशांना कळेल अशा भाषेत, बाजार उठल्यावर व्हावे. कारण बाजाराच्या वेळी बोलावलेली सभा ही बाईला न बोलावण्याचीच एक युक्ती असते. आणि वहीत शेवटचा माणूस खाली गेलेला दिसला, तर त्याची भरपाई होईपर्यंत काम पुरे झाल्याचा दाखला कोणालाही देऊ नये. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपविले होते. खेड्यातील मजुराला हिशेब विचारण्याचा जो अधिकार तेव्हा दिला गेला, तो महानगरातील कोळणीला का नसावा?

यात वेळ जाईल, असे अभियंते म्हणतील. जाईल. पण वरळीत न विचारल्यामुळे जेवढा गेला, त्याहून तो खचित अधिक नसेल. यामुळे गावात फूट पडेल, असे पुढारी म्हणतील. फूट मोजणीने पडत नाही; ती असतेच, मोजणीने फक्त दिसू लागते.

आमचे बहुतेक वाचक ह्या पुलावरून कधी तरी रविवारी मोटारीने मढच्या किनाऱ्यावर जातील. खाडीवरचा वारा त्यांना आवडेल आणि वाचलेल्या वेळेबद्दल ते महापालिकेला धन्यवाद देतील. त्यात काही वावगे नाही. मात्र परतताना त्यांनी क्षणभर थांबून किनाऱ्याकडे पाहावे. वलांडीवर बोंबील वाळत असतील आणि पाटीवाली आपल्या ठरल्या जागी बसलेली असेल, तर पूल मढसाठी बांधला गेला असे म्हणता येईल. ती तेथे नसेल, तर तो केवळ मढवरून गेला.