दंड एकाला, वसुली दुसऱ्याकडून

सन 2025 च्या जुलै महिन्यात दिल्लीच्या उच्च न्यायालयापुढे एक अर्ज आला. अर्जदार गुजरातेतील वाडीनार येथे तेलशुद्धीचा मोठा कारखाना चालविणारी नायरा एनर्जी ही कंपनी, प्रतिपक्षी मायक्रोसॉफ्ट. तक्रार अशी की, पैसे पोचते झालेले असतानाही कंपनीचा पत्रव्यवहार व कामकाज ज्या संगणकीय साधनांवर चालते ती एकाएकी बंद करण्यात आली. थोड्याच दिवसांत ती पुन्हा सुरू झाली आणि प्रकरण मिटले. परंतु मिटले म्हणून ते विसरण्याजोगे नाही. साधने बंद करण्याचा हुकूम हिंदुस्थानातील कोणत्याही न्यायालयाने दिलेला नव्हता, आणि येथील कोणत्या कायद्याचा भंग झाला हेही कोणी दाखविले नव्हते. युरोपीय संघाने त्याच महिन्याच्या 18 तारखेस रशियाविरुद्ध निर्बंधांचा अठरावा हप्ता जाहीर केला व त्यांत वाडीनारचा कारखाना गोविला. कारण कंपनीचे 49 टक्के भाग रशियाच्या रोझनेफ्टकडे होते. ठराव ब्रसेल्सचा, अंमलबजावणी एका अमेरिकन कंपनीची. हुकूमनामा परका, बेलिफ परका, आणि जप्ती मात्र आमच्या घरात!

गैरसमज नको म्हणून एक गोष्ट आरंभीच स्पष्ट सांगतो. 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनची सरहद्द सैन्यानिशी ओलांडली, हा संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेचा उघड भंग होता. शेजाऱ्याच्या मुलखावर शस्त्रबळाने हक्क सांगणाऱ्या सत्तेचे वकीलपत्र दीडशे वर्षे परदास्य भोगलेल्या राष्ट्राने घेणे शोभत नाही. 2 मार्च 2022 रोजी 141 राष्ट्रांनी या कृत्याचा निषेध केला तेव्हा आमचा प्रतिनिधी 35 तटस्थांत बसला. राजकारणाची अडचण म्हणून ते समजण्यासारखे आहे. सद्गुण म्हणून मिरविण्यासारखे नाही.

अपराध झाला, पण दंड कोणी ठरवावयाचा? सनदेच्या 41 व्या कलमाने हा अधिकार सुरक्षा परिषदेस दिला आहे. तेथे आरोपीच न्यायासनावर बसलेला, आणि 25 फेब्रुवारी 2022 रोजी त्याने आपला नकाराधिकार वापरला. तेव्हा अमेरिका, ब्रिटन, युरोपीय संघ, जपान यांनी आपापल्या कायद्यांच्या आधारे रशियन मध्यवर्ती बँकेच्या सुमारे 300 अब्ज डॉलरांच्या ठेवी गोठविल्या आणि कित्येक रशियन बँकांस स्विफ्टच्या व्यवस्थेतून काढले. याबद्दल आम्ही त्यांस दोष देत नाही. न्यायाधीश कचेरीस कुलूप लावून गेला म्हणून दरोडेखोराशी देवघेव चालूच ठेवावी, असे कोणताही धर्म सांगत नाही. आपल्या दुकानाचे दार कोणास बंद करावे हे ज्याचे त्याने ठरवावे. वाद आहे तो दुसऱ्याच्या दुकानाचा.

आणि स्वतःच्या दुकानाचा तरी अनुभव काय? 1935 साली मुसोलिनीने अबिसीनियावर स्वारी केली तेव्हा राष्ट्रसंघाने इटलीस अपराधी ठरवून 18 नोव्हेंबरपासून निर्बंध लागू केले. शस्त्रे, कर्जे, इटालियन माल, रबर, कथील ही सर्व यादीत आली. ज्याच्यावाचून मुसोलिनीची एक मोटार वा एक विमान हलले नसते ते तेल मात्र वगळले गेले. सुवेझचा कालवाही उघडाच राहिला, आणि इटलीची सैन्यवाहू जहाजे जकात भरून त्यातून गेली. 5 मे 1936 रोजी अदिस अबाबा पडले. 15 जुलै रोजी निर्बंध उठविण्यात आले. झीज आपणांस लागेल तेथे हात आखडता घ्यावयाचा, ही रीत तेव्हापासूनची आहे.

रशियन तेलाच्या बाबतीत तर युक्ती अधिक बारीक लढविली गेली. 5 डिसेंबर 2022 पासून ठरले की, पिंपास 60 डॉलरांहून अधिक भावाने विकलेल्या रशियन कच्च्या तेलास पाश्चात्त्य जहाजे व विमा मिळू नये. हेतू असा की, तेल बाजारात यावे, नाही तर जगभर भाव भडकतील. पण मॉस्कोच्या गल्ल्यात नफा कमी पडावा. म्हणजे ते तेल घेणारा कोणीतरी असणे हे या योजनेतच गृहीत होते. ते हिंदुस्थानाने घेतले. युद्धापूर्वी आमच्या आयातीत रशियाचा वाटा 2 टक्क्यांच्या आतबाहेर होता, तो 2024 पर्यंत तिसऱ्या हिश्शाच्या वर गेला. आमच्या कारखान्यांतून शुद्ध झालेले डिझेल युरोपने विकत घेतले. हंगेरी व स्लोव्हाकिया यांस नळाने येणाऱ्या तेलाची सूट मिळाली. अमेरिकेने रशियन समृद्ध युरेनियमवर बंदी घातली ती 2024 च्या मे महिन्यात, आणि तीतही 2027 अखेरपर्यंत सवलतीची वाट ठेवली. असे असता 2025 च्या ऑगस्टात अमेरिकेने याच तेलाबद्दल आमच्या मालावर आधीच्या 25 टक्के करावर आणखी 25 टक्क्यांचा बोजा लादला. सर्वांत मोठा गिऱ्हाईक जो चीन, त्यावर असा दंड बसला नाही. स्वतःच्या वर्तनाने ज्यास मुभा दिली त्यासच पुढे गुन्हेगार म्हणता येत नाही, यास वकीलवर्ग एस्टॉपेल म्हणतो; व्यवहारी माणूस यास बळी तो कान पिळी म्हणेल. शिवाय या कराची झळ कोणास? तिरुपूरच्या शिवणकामगारास व सुरतेच्या हिरे घासणाऱ्यास, ज्यांनी रशियन तेलाचे पिंप कधी पाहिलेही नाही.

बहिष्काराचे शस्त्र आम्हांस नवे नाही. जुलै 1946 मध्ये, स्वराज्य हाती येण्यापूर्वीच, हिंदुस्थानाने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. तेथील हिंदी लोकांच्या जमिनीच्या हक्कांवर घाला घालणारा कायदा हे निमित्त. आपल्या निर्यातीपैकी सुमारे 5 टक्क्यांवर त्यामुळे पाणी सोडावे लागले. तेच गाऱ्हाणे आम्ही संयुक्त राष्ट्रसंघापुढेही मांडले. पण तिसऱ्या कोणा देशाच्या व्यापाऱ्यास, तू केपटाउनशी व्यवहार केलास म्हणून तुझी मालमत्ता अडकवितो, असे म्हटले नाही. भार उचलला तो स्वतः.

आता सरकारने काय करावे? परदेशाने स्वतःच्या हद्दीबाहेर लागू केलेले निर्बंध आपल्या प्रजाजनांनी पाळू नयेत, असा कायदा खुद्द युरोपीय संघाने 1996 साली अमेरिकेच्या क्यूबाविषयक कायद्याविरुद्ध केला. त्याच संघाने वाडीनारास हात घालावा हा आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे असा न्याय झाला. तसाच कायदा येथे व्हावा, आणि येथील कंपनीस पैसे घेऊन पुरविलेली सेवा परक्या हुकुमावरून तोडणाऱ्यास नुकसानभरपाईस बांधून घ्यावे. 2019 च्या मे महिन्यात अमेरिकेची सवलत संपताच इराणचे तेल आम्ही निमूटपणे बंद केले. त्या वेळी असे काही कवच आमच्या हाती नव्हते.

पण सरकारकडे आमचे दुसरेही एक मागणे आहे, आणि ते अधिक अवघड आहे. स्वस्त तेल गरिबांसाठी घेतो, असे जगास सांगितले गेले. 2022 च्या मे महिन्यातील करकपातीनंतर पंपावरचा भाव जवळजवळ दोन वर्षे जागचा हलला नाही, आणि 2024 च्या मार्चात उतरला तो लिटरमागे 2 रुपये. रशियन तेलातील बचतीपैकी किती तेलकंपन्यांकडे राहिली, किती खजिन्यात गेली आणि किती रिक्षावाल्याच्या पदरात पडली, याचा हिशेब संसदेपुढे ठेवावा. परक्या दरबारात गरिबांच्या नावाने दावा लढविणाऱ्याने हा कागद आपल्या बस्त्यात ठेवलेला बरा.