आत्याचा तंबोरा

गेल्या हिवाळ्यात एलटीसी घेऊन ग्वाल्हेरला जाऊन आलो. किल्ला पाहिला, तानसेनाच्या समाधीपाशी बसलो आणि मग जिवाजीगंजातल्या 'सरोद घर'मध्ये गेलो. उस्ताद हाफिज अली खाँसाहेबांचं हे घर. त्यांचे चिरंजीव अमजद अली खाँ यांनी तिथे वाद्यांचं संग्रहालय केलं आहे. थोरांच्या हातची वाद्यं पाहताना मान आपोआप लवते. पण खरं सांगू? माझ्या मनात सारखा घरचा तंबोरा घोळत होता.

तो माझ्या आत्याचा. ती गेल्यापासून माळ्यावर पडून आहे. भोपळ्याला भेग, दोन खुंट्या गायब, जवारी झिजलेली. "एवढ्या खर्चात थोडी भर घातली तर नवा येईल. हा शोभेला ठेव," असं घरच्यांचं मत. ग्वाल्हेरला जाईपर्यंत माझंही तेच होतं.

संग्रहालयातल्या वाद्याला हात लावू नये, हे मान्य. त्याचा प्रत्येक ओरखडा हा पुरावा असतो. पण घरच्या वाद्याची गोष्ट वेगळी. सरोदाचं कातडं बदलावंच लागतं, तंबोऱ्याची जवारी पुन्हा पुन्हा काढावी लागते. दुरुस्ती हा वाद्याच्या आयुष्याचाच भाग आहे. आपलं घुमटच बघा. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं असायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं, आता बकरीचं कातडं लावतात. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला. कातडं बदललं म्हणून चवथीच्या आरत्या काही थांबल्या नाहीत.

अर्थात दुरुस्ती जाणकाराच्याच हातची हवी. एका देवळातल्या तंबोऱ्याला हौसेने तबलीसकट जाड ऑइलपेंट फासलेला मी पाहिला आहे. दिसायला नवाकोरा, नाद मात्र मेला. त्यापेक्षा तो भेगाळलेला परवडला असता.

असे जाणकार हात मिरजेत आहेत. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण नुसत्या मानांकनाने कारागिराची चूल पेटत नाही. आपण जुनी वाद्यं माळ्यावर टाकली, तर ती दुरुस्त करण्याची विद्याही माळ्यावरच जाणार.

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी शिकून दक्षिणेत आले आणि मिरजेतही राहिले. ती वाट जुनीच आहे. परतताना आमची गोवा एक्सप्रेसही मिरजेला थांबली. फलाटावर चहा घेता घेता निर्णय झाला.

माझी मुलगी सध्या मोबाईलवरच्या तंबोऱ्यावर रियाज करते. सूर पक्का असतो, तक्रार नाही. पण तारा जुळवताना कान तयार होतो, असं आत्या म्हणायची. मोबाईल आधीच जुळलेला असतो.

पुढच्या महिन्यात दोन दिवस रजा टाकली आहे. खर्च नव्याच्या जवळपास जाईल, जाऊ दे. शोभेच्या वस्तू घरात पुष्कळ आहेत.