तोफगोळा कोणत्या एककात पडतो?

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी इब्राहिमखान गारदीच्या तोफांनी डागलेला गोळा गेम इंजिनात उडवून दाखव, असे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटास सांगितले, तर गुरुत्वत्वरणाचा आकडा तो कोठून घेईल? अनरियल इंजिनात अंतर सेंटिमीटरमध्ये, म्हणून ९८०. युनिटीत मीटरमध्ये, म्हणून ९.८१. गोडोच्या त्रिमितीत ९.८, द्विमितीत पुन्हा ९८०, तेही पिक्सेलमध्ये! ‘वर’ म्हणजे अनरियलमध्ये झेड अक्ष, युनिटीत वाय. गोडोच्या द्विमितीत तर वाय खालच्या दिशेने वाढतो. युनिटीत ९८० घातल्यास गोळा तोफेपुढेच कोसळेल. अनुभवी प्रोग्रामर ते पाहून थबकेल. एजंट बहुधा ‘काम झाले’ असे कळवून मोकळा होईल, कारण इंजिन चालवणाऱ्या साधनाच्या वर्णनात जे लिहिले, त्यावरच त्याची भिस्त. तरीही ‘वस्तू हलवते’ एवढ्या एका ओळीवर अशी साधने प्रसिद्ध केली जातात आणि दस्तऐवजीकरण हलके काम मानले जाते. हा निव्वळ आळस आहे, आणि जुनाही: १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर पाउंड-बल व न्यूटन यांच्या गोंधळातच गमावले गेले. प्रत्येक आज्ञेपुढे एकक, अक्ष आणि ती फसल्यास येणारा संदेश नोंदवलेला नसेल, तर ते साधन अपूर्ण ठरवून परत पाठवावे.