कॅप्टन कर्क आणि नारायण विनायक जगताप

आमच्या हॉस्टेलच्या एका मजल्यावर एकूण किती डार्थ वेडर राहतात, याची एकदा शिरगणती व्हायला हवी. दारांवरची पोस्टर्स, टी-शर्ट, मोबाइलची कव्हरं, कॉफीचे मग... सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल अपुरं असलं तरी 'स्टार वॉर्स' कुठल्या क्रमाने बघावं यावर वाद घालायला सगळ्यांकडे वेळ असतो. मीही त्यातलीच. पण नारायण विनायक जगताप हे नाव मात्र मला एकाही दारावर दिसलेलं नाही. "हा कोण बुवा?" असं तुम्ही विचारणार, म्हणून तर हा लेखनप्रपंच!

सुरुवात १९६६ सालापासून करू. त्या वर्षी ८ सप्टेंबरला अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ही मालिका टीव्हीवर सुरू झाली. त्याच वर्षी, तिच्याआधी काही महिने, एप्रिलमध्ये आपल्या मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. म्हणजे दोघी एकाच इयत्तेतल्या. परिषदेचं विज्ञान भवन आज शीव-चुनाभट्टीला आहे. पत्ता: वि. ना. पुरव मार्ग. नाव ओळखीचं वाटलं? 'टिस'च्या देवनारच्या पत्त्यावर जो रस्ता लिहिलेला असतो, तोच हा. एकीचं पुढे काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. दुसरीचं काय झालं ते तिच्याच रस्त्यावर राहणाऱ्या आपल्यालाही माहीत नाही.

आधी पहिलीचं सांगते. 'स्टार ट्रेक' म्हणजे जन्मतःच हिट झालेली मालिका असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती कशीबशी तीन सीझन चालली. ७९ भाग झाले आणि १९६९ साली बंद पडली. तिसरा सीझनसुद्धा मिळाला तो प्रेक्षकांनी टीव्ही कंपनीला पत्रांवर पत्रं पाठवली म्हणून. बंद झाल्यावर ती पुनःप्रक्षेपणातून घराघरांत पोचली आणि तिथे खरी वाढली. १९७६ साली 'नासा'च्या पहिल्या स्पेस शटलचं नाव ठरत होतं, तेव्हा याच प्रेक्षकांनी पुन्हा पत्रांचा पाऊस पाडला आणि त्या शटलला 'एन्टरप्राइज' हे कॅप्टन कर्कच्या यानाचं नाव मिळालं. मालिकेत उहुराचं काम करणाऱ्या निशेल निकल्स पुढे 'नासा'साठी महिला आणि कृष्णवर्णीय उमेदवारांना बोलवायच्या मोहिमेत उतरल्या. मे जेमिसन लहानपणी हीच मालिका बघत होत्या. त्या १९९२ साली अवकाशात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन महिला ठरल्या आणि १९९३ साली स्वतःच 'स्टार ट्रेक'च्या एका भागात झळकल्या! ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शननेही ही मालिका दाखवली होती. स्टाफरूममधल्या काही सरांना तिची नुसती आठवण करून द्या, प्रॅक्टिकलचा अर्धा तास आरामात निघून जाईल.

आता दुसरीकडे वळू. मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घ्यायची. १९७४ साली त्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक: नारायण विनायक जगताप. कथेला पहिला क्रमांक मिळाला आणि मग उलगडा झाला की जगताप नावाचे कोणी गृहस्थच नाहीत. ते होते कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाकडे बघून परीक्षकांनी बक्षीस देऊ नये, म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी केली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा लिहून काढली त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी. त्यांना तोवर पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झाली होती. आजकाल मिनी प्रोजेक्टच्या रिपोर्टवर काम न करणाऱ्यांचीही नावं झळकतात, त्या पार्श्वभूमीवर हे जरा विचार करण्यासारखं आहे. असो!

नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉयल स्वतः विज्ञानकथा लिहीत. त्यामुळे शास्त्रज्ञाने गोष्टी लिहिणं शिष्याला नवीन नव्हतं. पुढे त्यांचे 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस' असे संग्रह आणि कादंबऱ्या आल्या. ते एकटेही नव्हते. डॉ. बाळ फोंडके हे आपल्या शेजारच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ. सुबोध जावडेकर तर आपल्यासारखेच इंजिनिअर, केमिकलचे. निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, नारायण धारप... दिवाळी अंकांतून ही मंडळी वर्षानुवर्षं लिहीत राहिली.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी वाचते, पण जोडाक्षर आलं की स्पीडब्रेकर आल्यासारखी गाडी हळू होते. तरी 'गंगाधरपंतांचे पानिपत' मी एका बैठकीत संपवली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा एका जगात जाऊन पडतात, जिथे १७६१ साली पानिपतावर मराठे जिंकले आहेत. ते मुंबईला येतात तर इथे अजून ईस्ट इंडिया कंपनी! मग टाउन हॉलच्या लायब्ररीत बसून ते इतिहास कुठे वळला याचा शोध घेतात. मी रूम पार्टनरला गोष्ट सांगायला लागले, तर ती म्हणाली, "अगं, ही तर आम्हाला अकरावीला इंग्लिशमध्ये होती!" खरंच आहे. एनसीईआरटीच्या 'हॉर्नबिल' या पुस्तकात ती 'द ॲडव्हेंचर' नावाने आहे. म्हणजे देशभरातली मुलं ती इंग्रजीत वाचतात, परीक्षेसाठी वाचतात आणि पेपर झाला की विसरतात. पोस्टर कुणी लावत नाही.

आता माझा मुद्दा. मराठी विज्ञानकथेत कल्पना कमी नव्हत्या आणि विज्ञान तर अस्सल होतं. मग 'स्टार ट्रेक'सारखं तिचं विश्व का उभं राहिलं नाही? पैसा नव्हता, हे उत्तर सोपं आहे आणि अर्धंच खरं आहे. गोष्ट कागदावर लिहायला स्पेशल इफेक्ट्स लागत नाहीत. शिवाय मराठी माणसाला पुन्हा पुन्हा भेटणारे नायक आवडत नाहीत असंही नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि धनंजयने पिढ्या जागवल्या. चिमणराव पुस्तकातून टीव्हीवर आले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २०१७ साली सिनेमात आला आणि त्याच सिनेमात खुद्द भागवत हेही एक पात्र होतं. याच भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला! म्हणजे रहस्य, विनोद, साहस या सगळ्यांना आपण कायमचे नायक दिले. विज्ञानकथेला मात्र कायमचा असा कोणी सापडला नाही.

मला वाटतं याचं कारण तिच्या घडणीत आहे. आपली विज्ञानकथा स्पर्धेत आणि दिवाळी अंकात वाढली. आठ-दहा पानांत कल्पना मांडायची, ती समजावायची आणि शेवटी धक्का देऊन संपवायची. त्यात पृथ्वी वाचते किंवा बुडते, पण नायकाला पुढच्या वर्षी परत यायला जागाच उरत नाही. लिहिणारे बहुतेक शास्त्रज्ञ. दिवसा प्रयोगशाळा आणि उरलेल्या वेळात गोष्ट. लोकांना विज्ञान कळावं हा हेतू आधी, पात्रं नंतर. त्यामुळे आपल्याला कल्पना आठवते, माणूस आठवत नाही. मिस्टर स्पॉकच्या कानांचा आकार मात्र ज्याने एकही भाग बघितला नाही त्यालाही ठाऊक असतो.

यावर माझ्या वर्गातल्या एकाचा आक्षेप असा, की फ्रँचाइझ म्हणजे शेवटी धंदा. खेळणी, टी-शर्ट, भाग सात, भाग आठ. 'कोई मिल गया'मधला जादू २००३ साली आला, मग 'क्रिश' आला, मग 'क्रिश ३'. त्यातून विज्ञान किती कळलं? आक्षेपात दम आहे. नारळीकरांच्या 'धूमकेतू'मध्ये पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू शास्त्रज्ञ वळवतात, आणि इकडे घरी यज्ञ झालेला असतो म्हणून श्रेय यज्ञाला जातं! आपल्या समाजाला एवढा नेमका चिमटा दहा सिनेमांच्या मालिकेलाही जमणार नाही. मलाही मराठीतला जादू नकोच आहे.

पण 'स्टार ट्रेक'चा इतिहास नीट बघा. धंदा करणाऱ्या कंपनीने ती बंद केली होती. तिला जगवलं ते तिच्यावर जीव लावणाऱ्यांनी, आणि तेही पत्रं लिहून. पोस्टाच्या तिकिटाला असा किती खर्च येतो? आपल्याकडे लेखक होते, परिषद होती, दिवाळी अंक होते. कमी पडलो ते आपण वाचक. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, त्या दिवशी सगळ्यांच्या स्टेटसवर त्यांचा फोटो होता. त्यातल्या किती जणांनी त्यांची एखादी गोष्ट वाचली होती, हे विचारायची सोय नव्हती.

"वाचून काय मिळणार, प्लेसमेंटला उपयोग आहे का?" हा प्रश्न येणारच. माझं उत्तर असं: भविष्य ज्यांच्या गोष्टीत असतं, ते त्याची तयारी करतात. आपण बघतो त्या भविष्यात सॅन फ्रान्सिस्को असतं, न्यूयॉर्क असतं. देवनार कुठे असतं? वास्तविक विज्ञानकथेला याहून चांगली जागा सापडणार नाही. एका बाजूला तुर्भे, जिथे १९५६ साली 'अप्सरा' ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. दुसऱ्या बाजूला १९२७ पासून वाढत गेलेला कचऱ्याचा डोंगर. त्याच्या पोटात मिथेन. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला तेव्हा धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला. आणि त्याच्यामागे ठाण्याची खाडी, जिथे दरवर्षी फ्लेमिंगो येतात. अणुभट्टी, जळता डोंगर आणि गुलाबी पक्षी! एखाद्या हॉलीवूडच्या लेखकाने हे सुचवलं असतं तर दिग्दर्शक म्हणाला असता, जरा जास्तच होतंय. आणि या डोंगरावर रोज प्लॅस्टिक वेचणारी जी मुलं आहेत, त्यांचं २१०० साली काय झालेलं असेल, हे कुठल्याच फ्रँचाइझला सुचणार नाही. ते इथे राहणाऱ्यालाच सुचेल, इथल्याच भाषेत.

प्रयत्न झालेले नाहीत असं नाही. सुजय डहाके यांचा 'फुंतरू' २०१६ साली आला. मराठी सायन्स फिक्शन, आणि तेही इंजिनिअरिंग कॉलेजात घडणारं. आपल्यापैकी किती जणांनी थिएटरात जाऊन पाहिला? हात वर करा!

म्हणून एक सूचना मांडते. आपल्या या अंकातली दर वर्षी चार पानं एका सामाईक विश्वाला द्यावीत. जागा देवनार, साल २१००. पात्रं ठरलेली, म्हणजे पहिल्या वर्षीच्या लेखकाने घडवलेली मुलगी पुढच्या वर्षीच्या लेखकाला मारता येणार नाही. नियम एकच: विज्ञान खरं हवं, आणि ते तपासायला त्या त्या विभागाचे सर किंवा मॅडम. मेकॅनिकलवाल्यांनी डोंगर उपसणारी यंत्रं बनवावीत, केमिकलवाल्यांनी मिथेन सांभाळावा, कॉम्प्युटरवाल्यांनी नेहमीप्रमाणे शेवटच्या रात्री काम करावं. भाषा आपण बोलतो तीच, जोडाक्षरांवर अडखळणारी. लायब्ररीने एक कपाट मराठी विज्ञानकथांना द्यावं, म्हणजे आपल्याआधी काय लिहून झालंय ते कळेल. आणि गोष्ट खरंच जमली, तर याच रस्त्याने शीवच्या दिशेने जाऊन परिषदेच्या दारात द्यावी.

नाव हवं तर उलटं करून लिहा. कथा चांगली निघाली की लोक शोधून काढतातच!

— तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन